कॉम्प्युटर जोडायचा मुहूर्त

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

औषधवाल्याने फुकट दिलेली ही डायरी आत्तापर्यंत फवारणीच्या नोंदींसाठी वापरली. मागची पानं तुडतुड्यांनी आणि कुठल्या आंब्याच्या कलमाला काय मारलं याने भरलीत. उरलेल्या पानांवर आजपासून माझं डोकं फिरवणाऱ्या गोष्टी लिहिणार आहे. कुणाला सांगायला जावं तर संध्याकाळपर्यंत देवगडच्या बाजारात पोचतं, त्यापेक्षा हे बरं.

आज नाश्त्याला दत्तप्रसादने जाहीर केलं की त्याला गेमिंग कॉम्प्युटर जोडायचा आहे. विकत आणायचा नाही, जोडायचा. एकेक भाग निवडून, मागवून, घरात बसून स्वतःच्या हातांनी. नवऱ्याचं वय वर्षं सदतीस. मी घावन उलटत होते, ते तव्यावरच करपलं.

मला वाटलं, सासरे, म्हणजे आमचे दाजी, तरी काही बोलतील. दाजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जोड रे झिला. काय होया ता हाड." काय हवं ते आण, बस्स. एरवी नवीन कोयता घ्यायचा तरी चार दिवस विचार करणारा माणूस.

दाजींना अजून त्या दिवसाचं लागलेलं आहे. गेल्या एप्रिलमध्ये गडी आला नाही म्हणून त्यांनीच दत्ताला हाक मारून वरच्या कलमावर चढवलं होतं. फांदी मोडली. उजवं कोपर असं फुटलं की कणकवलीत दोन ऑपरेशनं झाली. हाड जुळलं, पण कोपरामागची शीर दुखावली होती, त्यामुळे बोटं बधिर पडली. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू, पण सगळं येईलच असं नाही. तेव्हापासून दत्ता डाव्या हाताने चमच्याने जेवतो. बागेत पाऊल टाकत नाही. बाग मी बघते आणि तो खुर्चीत बसून, लोक कॉम्प्युटर कसे जोडतात ते मोबाईलवर बघतो.

बोलणंही कमी झालंय त्याचं. त्यामुळे आज एवढं मोठं वाक्य बोलला याचा आनंद मानावा की कपाळावर हात मारावा, ते मला ठरवता आलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

विनीत आला होता. दत्ताचा मामेभाऊ, खारेपाटणला मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. कॉलेजात असताना हे दोघं रात्रंदिवस गेम खेळायचे, म्हणून तर दोघांना मार्क तसे मिळाले. दिवसभर ओटीवर बसून यादी केली. ऐकून ऐकून मलाही पाठ झाली. प्रोसेसर म्हणजे डोकं, तो मदरबोर्डवर बसतो. रॅम म्हणजे लगेच आठवतं ते. ग्राफिक्स कार्ड चित्रं काढतं आणि सगळ्यात महाग तेच. एसएमपीएस म्हणजे वीज वाटून देणारा डबा. या सगळ्याला पोटात घेणारी पेटी म्हणजे कॅबिनेट.

कॅबिनेटवरून मी तोंड घातलं. त्यांना पुढून सगळी जाळी असलेला हवा होता, वारा खेळायला. म्हटलं, आपल्याकडचा वारा खारा आहे, दाराच्या बिजागऱ्या दोन वर्षांत खाऊन टाकतो, त्या जाळीला काय सोडणार आहे?

"वयनी बरोबर सांगता हा," विनीत म्हणाला. "बारीक फिल्टरवालो बघूया. आणि यूपीएस चांगलो घेवक होयो, तुमच्या हंयच्या लायटीचो काय भरवसो नाय."

दत्ता हसला. जाळीवरून का होईना, हसला. यादी पक्की झाली, सगळे भाग मोबाईलवरच्या दुकानाच्या टोपलीत भरूनही ठेवले. आता बटन दाबायचं तेवढं बाकी.

३ डिसेंबर, बुधवार

बटन अजून दाबलेलं नाही.

रॅमचा भाव महिन्याभरात जवळजवळ दुप्पट झालाय. जगात कुठेतरी मोठमोठी यंत्रं उभी राहतायत, ती सगळी रॅम गिळतायत, असं विनीत फोनवर सांगत होता. "दत्त्याक सांग, आता घेवन टाक म्हणान. हेच्या फुडे आजून वाढतली."

मी सांगितलं. तर दत्ता म्हणे, जानेवारीत नवीन कार्डं येणार, मग जुनी स्वस्त होतील, तेव्हा एकदमच घेऊ. मला यातलं काही कळत नाही, पण वेळेचं कळतं. मोहराला औषध आज मारायचं ते चार दिवसांनी मारलं तर तुडतुडे आपल्यासाठी थांबत नाहीत. भाव चढतोय हे दिसत असताना माणूस हात बांधून बसतो, हे मला समजण्यापलीकडचं आहे.

वर आज मिक्सर खोलून ठेवलाय. स्क्रू एका वाटीत, पातं दुसरीकडे. म्हटलं काय झालं होतं मिक्सरला? म्हणे आवाज करत होता. अरे, मिक्सरच तो, आवाज नाही करणार तर काय करणार! दुपारभर एकेक स्क्रू घालत आणि काढत बसला होता. शेवटी चटणी पाट्यावर वाटली.

२१ डिसेंबर, रविवार

एक चांगली गोष्ट लिहून ठेवते, नाहीतर ही डायरी म्हणजे नुसती कुरकूर होईल. दत्ता आजकाल स्वयंपाकघरात मदत करतो. कुळीथ निवडून देतो. ताटात पसरून, उजव्या हाताच्या चिमटीत एकेक दाणा उचलून दुसऱ्या ताटात ठेवतो. खडे काढायचे तर नुसते खडे काढावेत, पण हा दाणे उचलत बसतो. पाव किलो कुळथाला दोन तास लागतात. पडलेला दाणा पुन्हा उचलून ठेवतो. कंटाळा आला असणार बिचाऱ्याला, दुसरं काही करायला नाही. मी काही बोलत नाही. पिठी रोज होतेय, दाजी खूश आहेत.

सुई पण मागत होता. दोरा ओवायला. म्हटलं, शिवायचं काय आहे? म्हणे काही नाही.

११ जानेवारी २०२६, रविवार

भांडण झालं. मोठं.

नवीन कार्डं आली की नाही देव जाणे, पण स्वस्त काहीच झालेलं नाही. रॅम तर तिप्पट. मी म्हटलं, तुला जोडायचा आळस असेल तर मागव सगळं आणि विनीतला दे, तो दोन तासांत जोडून देईल. त्याचा हातखंडा आहे.

असं काही बघितलं माझ्याकडे! "विनीतान जोडल्यान तर तो विनीताचो झालो. माजो खंय?"

"अरे, खेळणार तू ना?"

"माका खेळूचा नाय, जोडूचा हा!"

आता बोला. खेळायचं नाही आणि गेमिंग कॉम्प्युटर हवाय. मग म्हणे, तुला माहीत आहे का, प्रोसेसर बसतो त्या खाचेत सतराशे पिना असतात, केसाहून बारीक. बसवताना जरा हात हलला आणि एक पिन वाकली की अख्खा बोर्ड फुकट, कंपनी बदलूनसुद्धा देत नाही. म्हटलं, मग तर विनीतलाच दे! त्यावर उठून बाहेर गेला, तो जेवायलाच आला.

पुरुषांचा हट्ट म्हणजे काय असतो ते लग्नाच्या बारा वर्षांनी नव्याने कळतंय. मी पण ऐकवायचं ते ऐकवलं. चिकटपणावरून, आळसावरून, सगळ्यावरून. दाजी उठून गोठ्याकडे गेले.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

बटन मी दाबलं.

पहिली तोड सुरू झालीय. गडी, पेट्या, गवत, माझी नुसती धावपळ. संध्याकाळी टेकले तर दत्ता पुन्हा ती टोपली उघडून बसलेला. नोव्हेंबरपासून तेच भाग, रोज भाव बघायचा आणि बंद करायचं. माझं टाळकं सटकलं. मोबाईल त्याच्या हातातून घेतला आणि दाबलं. आंबा झाडावर तयार झाला की तोडावा लागतो, नाहीतर गळून पडतो, हे मी त्याला सांगावं का?

मला वाटलं ओरडेल. पण त्याचा चेहरा पांढराफटक. म्हणाला, "कदी येतला?"

"धा-बारा दिवसांनी."

मान हलवली आणि हात मांडीखाली घेऊन बसला. भावाचं एवढं मनाला लावून घ्यायचं होतं तर आधीच मागवायचं.

११ मार्च, बुधवार

आठ खोकी आली. परवा तीन, काल दोन, आज उरलेली. ओटीवर खिडकीपाशी रचून ठेवलीत. लग्नघरात आहेर ठेवतात तशी, आणि तशीच न उघडलेली.

विनीतचा रोज फोन. "दहा दिवसांत चालू करून बघूक होया रे, पार्ट मेलेलो निघालो तर मगे बदलून देवचे नाय!" दत्ता हो हो म्हणतो. आज दाजी म्हणाले, पुढच्या गुरुवारी पाडवा आहे, मुहूर्तावर जोड. दत्ताने ते असं उचललं, जणू बुडत्याला होडी मिळाली. आयुष्यात कधी पंचांग न बघितलेला माणूस मला म्हणतो, मुहूर्त पाळायला हवा.

१२ मार्च, गुरुवार

खिडकीतून खारा वारा थेट खोक्यांवर येतोय. याचं लक्ष नाही. मीच सगळी उचलून आंब्याच्या खोलीत नेऊन ठेवली. घरातली तीच खोली कोरडी, बंद आणि उबदार. आंबे पिकत घातलेल्या अढीच्या कडेला गवतात नीट खोवली, वरून पुन्हा गवत. लाखाचा आंबा जिथे सांभाळतो तिथे याचे डबे सांभाळायला काय हरकत आहे?

१४ मार्च, शनिवार

दत्ताला व्यायामासाठी दिव्याकडे नेलं. फिजिओथेरपिस्ट आहे, गोड मुलगी. निघताना मला बाजूला घेऊन विचारते, "काकी, प्रोसेसर बसवला का काकांनी?" मी बघतच राहिले. म्हटलं, तू पण गेम खेळतेस की काय? तर नुसती हसली. सगळं जगच खुळावलंय.

१७ मार्च, मंगळवार

आज जे झालं ते सगळं लिहिते.

सकाळी अढी उघडायला गेले होते. मागोमाग दत्ता आला, कधी नव्हे तो. विनीतला खोक्यांवरचे नंबर हवे होते.

"माजी खोकी खंय आसत गो?"

"ही काय, अढीत."

"खंय?"

"आंब्यांत. सुकी रवतीत म्हणान ठेवलंय."

त्याने गवत बाजूला केलं. आणि मग मला दिसलं ते. पिकता आंबा घाम गाळतो हे मला माहीत नाही का? बारा वर्षं हेच करतेय! पण आंब्यासाठी माहीत होतं, खोक्यांसाठी सुचलं नाही. पुठ्ठे गरम आणि मऊ पडले होते. ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर एक हापूस फुटून रस ओघळला होता, त्यावर चिलटं.

"तुका खूळ लागला काय गो?" दत्ता ओरडला. "कॉम्प्युटर काय पिकवतलंस?"

असा ओरडला की खळ्यातल्या कोंबड्या उडाल्या. आधी मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि मग लक्षात आलं, हा माणूस अकरा महिन्यांत एकदाही असा ओरडला नव्हता. मला रडू येत होतं आणि हसूही. काय करावं कळेना.

तो थांबलाच नाही. एकेक खोकं छातीशी धरून ओटीवर नेलं. दाजींचं धुतलेलं धोतर जमिनीवर पसरलं. पुठ्ठे फाडले, आतल्या करड्या चकचकीत पिशव्या पुसल्या, उघडल्या, फुंकर मारली. बोर्ड काढला, रॅम काढली, एसएमपीएस काढला. सगळं आतून कोरडं ठणठणीत! मी देवाला हात जोडले. तो मात्र नुसता कामात होता, डावा हात, उजवा हात, दोन्ही. दहा मिनिटांत आठही खोकी उघडी.

मग थांबला. समोर बोर्ड, मध्ये ती पिनांची खाच. आणि बाजूला प्रोसेसर, बिस्किटाएवढा.

"दाजी," तो म्हणाला, "पाडव्यापर्यंत माज्यान रवाक जावचा नाय."

दाजी दारात उभे होते. मला वाटलं, आज चतुर्दशी आहे, हे काही ऐकायचे नाहीत. त्यांनी टोपी नीट केली, हात जोडले आणि देवळात घालतात तसं चक्क गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज तुज्या लेकरान ह्या जा काय मांडल्यान हा, ता माका कळना नाय, तुका कळता. तेच्या हाताक बळ दी, तेची बोटा स्थिर ठेव, आणि तेचा काम सुखरूप पार पाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी म्हटलं. सवयीने म्हटलं. आणि म्हणता म्हणता दत्ताकडे बघितलं.

उजव्या हाताने प्रोसेसर कडेने उचलला होता. कुळथाचा दाणा उचलतो तशी चिमटी. कपाळावर घाम. ओठ घट्ट मिटलेले. बोटं किंचित थरथरत होती आणि तो ती थांबायची वाट बघत होता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुळीथ, स्क्रू, सुई, दोरा. आणि भावाची कारणं, नवीन कार्डांची, मुहूर्ताची. हा चिकटपणा नव्हता, आळसही नव्हता. हा माणूस चार महिने या एका क्षणाला घाबरत होता. दाजींना माहीत होतं. त्या परक्या दिव्यालासुद्धा माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना! आणि मी त्याला काय काय बोलले होते.

मी श्वास रोखला. दुसरा हात लाव, असं तोंडावर आलं होतं, गिळलं. बोटं थांबली. त्याने प्रोसेसर सरळ खाली ठेवला. अलगद. हलवून बघितला नाही, बोट काढून घेतलं. मग दांडी दाबली, ती अशी करकरली की माझा जीव गेला, पण ती तशीच करकरते म्हणे.

"बसलो," दत्ता म्हणाला.

पुढचं सगळं दुपारपर्यंत चाललं. जेवणाची कुणाला आठवण नाही. स्क्रू त्याने फटाफट घातले, मिक्सरवर हात बसलेला होता. कॅबिनेटमधून दोनदा गवताच्या काड्या निघाल्या, दोन्ही वेळा माझ्याकडे रागाने बघणं झालं. तीन वाजता बटन दाबलं. पंखे फिरले, आत रंगीत दिवे लागले, दाजी म्हणाले, "गणपतीच्या मखरासारखा दिसता." पण स्क्रीन काळी.

एक मिनिट. दोन मिनिटं. काळीच. मी मनात म्हटलं, माझ्या आंब्यांनी घात केला. दत्ताने विनीतला फोन लावला.

"पयल्यांदा रॅम ओळखूक वेळ लागता," विनीत ओरडला. "हात लावू नको. बंद करू नको. थांब!"

थांबलो. तिघंही धोतराच्या कडेला उकिडवे. चौथ्या मिनिटाला स्क्रीनवर पांढरी अक्षरं आली.

दाजी उठून आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. दत्ता बसल्या जागी मागे आडवा झाला, दोन्ही हात पसरून, आणि वर वाशांकडे बघत हसत राहिला. छातीवरचा धोंडा उतरणं म्हणजे काय ते मी आज बघितलं. माझ्याही छातीवरचा उतरला, जो आहे हे मला ठाऊकच नव्हतं.

१९ मार्च, गुरुवार

पाडवा. सकाळी गुढी उभारली. दुपारी विनीत खारेपाटणहून आणि दत्ता इथून, असे दोघं खेळायला बसले. माऊसवर उजवा हात. करंगळी आणि शेजारचं बोट अजून नीट वळत नाही, दिव्या म्हणाली की त्याला वेळ लागेल आणि कदाचित पूर्ण येणारही नाही. दत्ता हरला. सातदा हरला. प्रत्येक वेळी विनीतच्या नावाने शंख करून पुन्हा सुरू.

मधे थांबला तेव्हा पन्हं घेऊन गेले. दोन दिवस मनात होतं ते विचारलंच. "दाजींका सांगलंस, दिव्याक सांगलंस. माका कित्या नाय सांगलंस? मी तुका इतक्या बोललंय."

तो पेल्याकडे बघत होता. उजव्या हातात धरला होता.

"सगळे माज्या हाताकडे बघीत होते गो," तो म्हणाला. "वर्षभर. दाजी बघीत, डॉक्टर बघीत, शेजारी बघीत. तुका सांगलंय आसतंय तर तू पण तेच्याकडेच बघीत रवलंस आसतंस. तू एकटी होतंस जी माज्यावांगडा भांडत होतंस."

डोळे भरून आले, ते त्याला दिसू नयेत म्हणून मी पाठ फिरवली. दोन दिवस मला वाटत होतं की चार महिने मी त्याला छळलं, आणि तो तर माझ्या त्या भांडणालाच धरून बसला होता.

मग घसा खाकरला आणि म्हटलं, "बरा, बरा. आता त्या गेमचो आवाज कमी कर. आख्ख्या वाडीक आयकाक जाता हा."

त्याने वाढवला.